कुंकवाआडचा दिवा

साल दोन हजार तेवीस. मला एकाहत्तरावं चालू होतं. शाळा म्हणाल तर दुसरीपर्यंत, तीही मास्तरांनी कान धरून बसवलं म्हणून. पण उभ्या जन्मात ‘हे कसं करायचं’ असं मी कुणाला विचारलं नाही. घर कवठे येमाईला आणि नोकरी शिरूरला, एका दवाखान्यात राखणदाराची. त्या दसऱ्याला देवीआईवरचा माझा भरवसा पार डळमळला होता. पुढं जे घडलं ते घडलं तसं सांगतो. त्याला काय म्हणायचं ते वाचणाऱ्यानं ठरवावं.

आमच्या घरात नवरात्राचे घट बसतात. नऊ दिवस मी अनवाणी असतो, दवाखान्यातही. आमची कारभारीण एक वेळ खाऊन घटाला माळ घालते. इतकी वर्षं यात कधी खंड नाही. त्यामुळं माझ्या मनात एक ताठा होता, तोही लिहितो. वाटायचं, आपण आईचं इतकं करतो तर आपल्या घरावर वाकडी नजर पडणारच नाही.

दवाखान्यात एक छोटी थंड खोली आहे. तिथं कपाटात एक काळी पेटी असते, तिला सर्व्हर म्हणतात. पेशंटचे स्कॅनचे फोटो त्या पेटीत जातात आणि तिच्यातूनच पुण्याच्या मोठ्या डॉक्टरांना दिसतात. पेटीला पुढून दोन खण, एकावर एक, आणि प्रत्येक खणाला ज्वारीच्या दाण्याएवढा दिवा. खोलीची किल्ली माझ्या कमरेला. खंडेनवमीला मी अँब्युलन्स पुजली, जनरेटर पुजला आणि ताट घेऊन या खोलीत आलो. काउंटरवरची मुलगी मागं धावत आली. “आबा, पेटीला काही लावू नका, कंपनीवाल्यांनी सांगितलंय.” मी म्हणालो, “तुझ्या कंपनीच्या आधीपासनं खंडेनवमी हाय, पोरी.” ते दोन दिवे मला डोळ्यांसारखे वाटले. कालवलेलं हळदकुंकू मी नेमकं तिथंच टेकवलं आणि हात जोडले.

दुसऱ्या दिवशी दसरा. मी कामावर होतो. दुपारी आमच्या गावची जीप दवाखान्याच्या दारात थांबली आणि तिच्यातून माझ्याच कारभारणीला उतरवली. दाराला तोरण बांधताना स्टूल सरकलं, डोकं उंबऱ्यावर आपटलं. डोळे मिटलेले. हाक मारली तर नुसतं हुं करायची. डॉक्टरीणबाईंनी लगेच स्कॅन केला. म्हणाल्या, “आबा, डोक्यात रक्त साकळलंय. पुण्याच्या डॉक्टरांनी फोटो बघितले की कळेल, औषधावर भागतंय का डोकं उघडावं लागतंय. तोवर त्यांना जागचं हलवायचं नाही.”

आणि तेवढ्यात पेटी अडकली. फोटो पुढं जाईनात की मागं येईनात.

मी बाहेरच्या कठड्याशी उभा राहिलो. आईला हात जोडावेत तर हात वर येईनात. मनात म्हणालो, नऊ दिवस दगडगोट्यांतनं चाललो, त्याचं हे फळ व्हय? तुझं तोरण बांधतानाच तिला पाडलंस? आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की तिकडं ऐकणारं कुणी नाहीच. तो विचार कसा असतो हे ज्याला आला त्यालाच ठाऊक.

पेटीचा माणूस पुण्याहून निघाला होता, पण सणाच्या गर्दीत रस्त्यावर अडकला होता. त्यानं फोनवर सांगितलं, “दोन्ही खणांत सारखाच माल असतो. एक बिघडला की कधी कधी तो दुसऱ्यालाही अडवून धरतो. ज्याचा दिवा लाल किंवा पिवळा असेल तो खण ओढून बाहेर काढा, दुसऱ्यावर चालेल. हिरव्याला मात्र बोट लावू नका.” काउंटरवरची मुलगी निघाली होती बघायला. मी तिला थांबवलं. माझी बायको, माझी किल्ली, मीच बघणार.

आत गेलो. वरच्या खणावर लाल दिसत होतं आणि ते लुकलुकत होतं. खालच्या खणावरचं कुंकू वाळून गळून गेलेलं, नुसता पिवळा ठिपका राहिलेला, गप्प. मी डोकं चालवलं. खालची हळद. आणि वरचा दिवाच, कारण कुंकू कधी लुकलुकत नसतं. फोनवर ओरडून सांगितलं, “वरचा लाल हाय!” तो म्हणाला, “मग तोच ओढा.” मी खणाची कडी धरली.

“आबा, थांबा! हात काढा आधी!”

दारात एक बाई उभी होती. तिशी-पस्तिशीची, डोक्याला ओढणी, एका हातात हेल्मेट, दुसऱ्या तळव्याला नवी पट्टी. मी म्हणालो, “तुम्ही कोण?”

“मी दौंडची, शबाना. या पेट्या दुरुस्त करणं हेच माझं काम. रांजणगावात कारखान्याला आज सुट्टी, म्हणून तिथल्या पेट्या बघायला आले होते. परत जाताना कुत्रं आडवं आलं, गाडी घसरली. शेजारी ड्रेसिंग चाललं होतं, तुमचा आवाज ऐकला.” मग तिनं माझ्या हातातल्या फोनकडं तोंड करून विचारलं, “दादा, आबा लाल म्हणतायत तो लुकलुकतोय. ओढला तर चालेल?” पलीकडून तो माणूस मोठ्यानं म्हणाला, “लुकलुकतोय? मग नका ओढू!”

ती माझ्याकडं वळली. “लुकलुकतो तो राबतोय, आबा. बिघडलेला गप्प बसतो. पण खरा रंग बघितल्याशिवाय मीही सांगणार नाही. वर हे काय लावलंय?”

“कुंकू हाय. आईचं.”

“ते पुसावं लागेल.”

बाजूच्या खोलीत बायको तशी पडलेली, आणि सणाच्या दिवशी मी कुंकू पुसू? मी आडवा आलो. “न्हाई पुसायचं. काय वाटंल ते करा, पण ते न्हाई.”

माझी समजूत होती की ती वाद घालील, नाहीतर हसेल. ती दोन पावलं मागं सरली. “मी पुसणार नाही, आबा. तुमच्या देवाचं आहे, त्याला माझा हात नको. पुसायचं तर तुम्हीच पुसा. पण आजींचे फोटो या दोघांपैकी एकात धड आहेत. चुकीचा खण ओढला तर ते जातील. पुन्हा काढायचे तर आजींना पुन्हा हलवावं लागेल.”

मला त्या वेळी काय झालं ते सांगता येत नाही. इतका वेळ आईशी भांडत होतो, ते भांडणच संपलं. मी म्हणालो, आई, मला काही कळत नाही. माझं शहाणपण इथं संपलं. हे तुझं तू घे आणि खरं काय ते मला दिसू दे. खिशातला रुमाल काढला, त्याचं टोक ओलं केलं आणि वरचा ठिपका पुसला.

कुंकवाखाली दिवा हिरवा होता. कोवळ्या मेथीसारखा हिरवा आणि नुसता लुकलुकत होता.

मग खालचा पुसला. हळद रुमालाला आली, पण पिवळा तसाच राहिला. ती हळद नव्हती, तो दिवाच होता. शबाना म्हणाली, “खालचा ओढा. सावकाश.” मी ओढला. पेटी जरा घुरघुरली आणि वरचा दिवा असा भरभर उघडझाप करायला लागला की जणू इतका वेळ कुणी त्याचा गळा धरला होता. काउंटरवरची मुलगी तिकडून ओरडली, “पोचले! फोटो पुण्याला पोचले!”

तो रुमाल मी कपाळाला लावला आणि तिथंच भुईवर बसलो. लहान पोरासारखा रडलो. शबानानं हेल्मेट खाली ठेवून मला पाणी आणून दिलं.

पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, रक्त थोडंच आहे, डोकं उघडायची गरज नाही, औषध द्या आणि लक्ष ठेवा. दिवेलागणीला कारभारणीनं डोळे उघडले. मला बघून पहिलं म्हणाली काय, “तोंड का असं केलंय? मी काय मेले व्हय?”

गावात लोक म्हणतात, आईच आली रूप घेऊन. मी तसं म्हणत नाही. ती दौंडची शबाना, माझ्यासमोर बसून तिनं बिनसाखरेचा चहा घेतला, आणि जाताना म्हणाली, “आबा, पुढच्या साली हळदकुंकू कपाटाला लावा, दिव्याला नको.” पण रांजणगावाहून दौंडला जाणारी बाई शिरूरच्या त्या दारात त्याच घडीला उभी राहिली, आणि जे पुसायला माझा हात धजत नव्हता ते तिनं माझ्याच हातानं पुसून घेतलं, हे विसरू म्हटलं तरी मला विसरता येत नाही. कुत्रं कुणी आडवं धाडलं ते मी विचारत नाही.

एवढं मात्र मला कळलं. मी आईला जे वाहत होतो त्यात माझा ताठाच जास्त होता, आणि तोच माझ्या डोळ्यापुढं चिकटून बसला होता. त्या दुपारी मला वाटलं होतं, आपली श्रद्धा डळमळली म्हणजे संपली. पण जो जीव तळमळतो तो अजून राबतो आहे. मी भांडत होतो तेव्हाही तिलाच धरून भांडत होतो. शरण जाणं म्हणजे काय, हे मी कीर्तनांत पुष्कळ ऐकलं होतं. मला ते एवढंच समजलं, की मला कळत नाही असं तोंडानं म्हणावं आणि दुसऱ्याला सांगू द्यावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कारभारीण पाणी मागायला लागली. मी भांडं आणि चमचा घेतला, आणि दारातल्या नर्सला हाक मारली. “ताई, किती देऊ?” ती म्हणाली, “दोनच चमचे, आबा.” कारभारीण उशीवरनं माझ्याकडं बघतच राहिली. “कवापासनं लोकांना इचारायला लागलात? द्या की आणखी एक.” मी दोन दिले, आणि चमचा खाली ठेवला.