पेढे आधी वाटायची रीत

कुमुदताई इंगळे सामना बघायच्या तेव्हा बॉलकडे बघायच्याच नाहीत. बॉल या टोकाला असला की त्यांची नजर पलीकडच्या टोकाच्या गोलकीपरवर. विचारलं तर म्हणायच्या, "बॉलला बघणारे खूप आहेत गं. तिकडे ती पोरगी अकेली उभी आहे, तिला कोण बघणार?" मी गोलकीपर होते. मला बघणारं माणूस जगात तेवढंच होतं, कारण मुलीने अर्धी चड्डी घालून मैदानात जायचं म्हणजे आमच्या घरच्यांचं नाक कापल्यासारखं होतं.

उत्तरेतल्या आमच्या जुन्या संस्थानी शहरात, माधवगंज मोहल्ल्यातल्या दोन खोल्यांत ताई एकट्या राहायच्या. मुलींच्या शाळेत पीटी शिकवायच्या आणि संध्याकाळी आमची टीम चालवायच्या. लग्न केलं नाही. कोणी विषय काढलाच तर "अरे, अकरा पोरी आहेत, आणखी किती हव्यात?" म्हणून उडवून लावायच्या. पण सुट्टीत मी मामाकडे गेले की, कधी येते म्हणून आईला विचारायला दर दोन दिवसांनी घरी यायच्या, हे मला आईनेच सांगितलं.

बायकांच्या फुटबॉलची संघटना तेव्हा वेगळी होती आणि कायमची कडकी. ती पुरुषांच्या मोठ्या संघटनेत विलीन करायची टूम निघाली. संघटनेतल्या बाकीच्या बायका कां कूं करत होत्या. ताईच हट्टाला पेटल्या. "पोरींना धड बूट मिळतील, बाहेरच्या देशांशी खेळायला मिळेल. और क्या चाहिए?" विलीनीकरण झालं त्या दिवशी त्यांनी मैदानावर पेढे वाटले.

थोड्याच दिवसांत शेजारी देशांच्या महिला स्पर्धेसाठी संघ निवडला गेला. त्यात मी होते, आमच्या टीममधल्या आणखी काही पोरी होत्या. आपण सोबत जाणारच असं धरून ताईंनी बॅगसुद्धा भरून ठेवली होती. पण नव्या व्यवस्थेत परवाना असलेला प्रशिक्षक लागत होता, आणि ताईंकडे कुठला परवाना? या संघावर आणि आमच्या टीमवरही एका तरुण सरांची नेमणूक झाली. मी रडत ताईंकडे गेले, तर बाई शांतपणे तांदूळ निवडत बसलेल्या.

"माझे वडील राजाच्या फौजेत सुभेदार," त्या म्हणाल्या. "संस्थान विलीन झालं तेव्हा त्यांनी गल्लीभर पेढे वाटले. देश एक झाला म्हणून. मग फौजेची नवी मांडणी झाली आणि त्यांनाच घरी बसवलं. आमच्या घराण्याची रीतच आहे बघ, पेढे आधी वाटायचे." आणि हसल्या. मला मुळीच हसू आलं नाही. मला संताप आला होता, त्यांचासुद्धा.

निघताना ताई स्टेशनवर आल्या आणि सरांना गाठून एकेकीचं सांगत सुटल्या. "हिच्यावर ओरडू नका, ही बंद पडते. त्या लंबूला मात्र ओरडल्याशिवाय ऐकूच येत नाही." सर बिचारे सामान चढवता चढवता हो हो करत होते. गाडी हलली तरी त्यांचं सांगणं संपलं नव्हतं.

शेवटचा सामना आम्ही एका गोलने हरलो. परत आल्यावर मी आधी आमच्या जुन्या मैदानावर गेले. मुली आता सरांकडे स्टेडियमवर जायच्या. इथे चिटपाखरू नव्हतं. ताई एकट्याच घमेलं घेऊन चुन्याच्या रेघा ओढत होत्या.

"सांग," म्हणाल्या. मी सगळा सामना सांगितला. गोल झाला तिथे आले आणि त्यांचा हात थांबला.

"पुढे का नाही आलीस?"

"सर म्हणाले होते, जागा सोडू नकोस."

आता चांगली झाडणार म्हणून मी वाट बघत राहिले. खरं सांगायचं तर त्याचसाठी आले होते. त्यांनी घमेलं खाली ठेवलं, हात झटकले.

"मग बरोबर केलंस. आता ते तुझे गुरू. दोघांचं ऐकलंस तर तू कुठलीच राहणार नाहीस."

त्यानंतर ताई वारल्या तोपर्यंत मी त्यांच्याकडे जातच राहिले. त्या चहा करायच्या, आईच्या गुडघ्यांची चौकशी करायच्या. खेळाबद्दल चकार शब्द नाही. मी कधी कधी मुद्दाम काहीतरी चुकीचं खेळल्याचं सांगून बघायची. त्यांचे ओठ हलायचे, आणि "साखर पुरे आहे का गं?" एवढंच बाहेर यायचं.