कुरळ्या केसांची शेजारीण

सिंगापूरला ईस्ट कोस्टच्या त्या कॉन्डोत आम्ही राहायला गेलो तेव्हा मुलगी प्रायमरी टूमध्ये, म्हणजे दुसरीत होती. तिचे केस माझ्यावर गेलेत, दाट, कुरळे आणि हट्टी. शनिवारी पोहून झालं की पूलशेजारच्या बाकावर बसवून मी ते विंचरायची आणि ती रडायची. क्लोरीनच्या पाण्याने गुंता आणखीच घट्ट व्हायचा. मी मुळापासून फणी ओढायची, कारण माझ्या आईने माझे केस तसेच विंचरले होते.

एका शनिवारी पलीकडच्या खुर्चीवरची बाई उठून आमच्याजवळ आली. आमच्याच ब्लॉकमध्ये वरच्या मजल्यावर राहणारी, घानाहून आलेली, एवढंच मला तिच्याबद्दल ठाऊक होतं. लिफ्टमध्ये हसण्यापलीकडे आमची ओळख नव्हती.

"मी करू का?" तिने विचारलं. मला नाही, मुलीला.

मुलीने नाक पुसत मान डोलावली. त्या बाईने केसांवर पुन्हा पाणी ओतलं, पिशवीतून एक डबी काढली आणि तिच्यातलं क्रीम तळहातावर चोळून केसांना लावलं. फणी तिने बऱ्याच उशिरा हातात घेतली. आधी बोटांनीच, टोकाकडून वर वर जात, गुंता सोडवला. सोडवताना ती मुलीला शाळेतल्या गोष्टी विचारत होती.

"आई, नॉट पेनफुल लाह," मुलगी मला म्हणाली.

त्या दिवसापासून ती मुलीची आंटी झाली आणि माझी मैत्रीण. मला ती 'सिस्टर' म्हणायची.

तिची हकिकत मला हळूहळू कळली. अक्रात, म्हणजे घानाच्या राजधानीत, तिच्या शाळेत मुलींना केस वाढवायची परवानगी नव्हती, सगळ्यांचे बारीक कापलेले असत. शाळा कायमची संपली की मुली आधी पार्लर गाठायच्या आणि केमिकल लावून केस सरळ करून घ्यायच्या. तिनेही केले. पुढे बँकेत नोकरी लागली, तिथेही सरळ केसच नीटनेटके मानले जात. मग एकदा ते केमिकल जास्त वेळ राहिलं आणि डोक्याची कातडी भाजली. कानाच्या वर एक चट्टा होता, तिथे पुन्हा केस आले नाहीत. तो तिने मला स्कार्फ सरकवून दाखवला.

"त्यानंतर मी आरशासमोर बसून स्वतःला विचारलं, माझे खरे केस दिसतात तरी कसे?" ती म्हणाली. "मला ठाऊकच नव्हतं."

नवरा एका जहाज कंपनीत होता, त्याच्याबरोबर ती सिंगापूरला आली. इथल्या दुकानांत तिच्या केसांना चालेल असं काही मिळेना, म्हणून गावाकडून शिया बटर मागवून ती स्वयंपाकघरात क्रीम करू लागली. शिया हे तिकडचं झाड. त्याच्या बियांपासून घट्ट तूप काढतात. आपल्याकडे कोकणात भेगाळलेल्या टाचांना कोकमतेलाचा गोळा लावतात, साधारण तशातलंच. मग रीतसर परवानगी काढून तिने डब्या विकायला सुरुवात केली. डबीवर तिच्या भाषेतला एक शब्द आणि खाली छोट्या अक्षरांत 'आपल्या केसांसाठी'.

क्रीममध्ये अडचणी होत्या. कधी ते रवाळ व्हायचं, कधी त्यातून पाणी सुटायचं, एकदा तर डब्यांत बुरशी आली. मुलीच्या जन्माआधी मी चिंचवडला एका सौंदर्यप्रसाधनांच्या कारखान्यात केमिस्ट होते. सिंगापूरला आल्यावर ते सगळं मागे पडलं होतं. तिने ती रवाळ डबी पुढे केली तेव्हा मला कितीतरी वर्षांनी कुणीतरी माझ्या विषयातला प्रश्न विचारत होतं.

"तूप पूर्ण वितळव आणि झटकन गार कर," मी म्हटलं. "हळूहळू गार झालं की त्याचे दाणे धरतात. आणि पाणी घालतेस तर टिकवणारं काहीतरी घालावंच लागेल. नॅचरल म्हणून बुरशी काही सोडत नाही."

ती हसली. "चल, वर ये आणि करून दाखव."

पुढची दोन वर्षं मुलीला शाळेच्या बसमध्ये बसवलं की मी वर जायची. पातेल्याखाली गरम पाणी, शेजारी बर्फाची परात, ओट्यावर वजनकाटा. आमचं भांडण वासावरून व्हायचं. मला शिया बटरचा तो धुरकट वास दाबून टाकायचा होता, ती म्हणायची, "तो माझ्या आजीच्या घराचा वास आहे, थोडा तरी राहू दे." शेवटी थोडा राहिला.

शनिवार-रविवारच्या बाजारात आम्ही टेबल लावायला लागलो. आफ्रिकन बायका शहरात मोजक्याच. पण तमिळ बायका थांबायच्या, मलय मुली डोक्यावरचा स्कार्फ सांभाळत हळूच विचारायच्या, आमच्या महाराष्ट्र मंडळातल्याही काहीजणी आल्या. त्यातल्या एक काकू म्हणाल्या, "आयुष्यभर झिपऱ्या म्हणून घेतलं बाई, आता काय करायचंय." माझ्या मैत्रिणीला मराठी कळत नव्हतं. तिने काकूंना खुर्चीवर बसवलं, केस ओले केले, क्रीम लावून बोटाभोवती एकेक बट गुंडाळली आणि आरसा हातात दिला. काकू बराच वेळ आरशात बघत राहिल्या. मग डबी घेऊन गेल्या.

मीही तांजोंग पगारच्या पार्लरमध्ये जाऊन केस सरळ करून घेणं तेव्हाच बंद केलं. नवरा म्हणाला, "लग्नात पाहिलेली बायको परत आली." एवढं बोलणं त्याच्याकडून पुष्कळ होतं.

एका दुकानवाल्यांनी माल ठेवायची तयारी दाखवली. आम्ही बुकित पंजांगच्या पलीकडे एक छोटी जागा पाहून आलो, तिथे व्यवस्थित यंत्रावर क्रीम करता आलं असतं. परतताना एलआरटीच्या छोट्या गाडीत ती खिडकीबाहेरच्या इमारती बघत म्हणाली, "सिस्टर, तू प्रयोगशाळा सांभाळ, मी बायका सांभाळते." मी हो म्हटलं. त्या दिवसाइतकी खूश मी या शहरात क्वचितच झाले असेन.

महिन्याभरात तिच्या नवऱ्याच्या कंपनीने इथलं ऑफिसच आवरतं घेतलं. त्याची नोकरी गेली आणि तिच्या इथे राहण्याच्या पासला आधार त्याच्या नोकरीच्या पासचा. दुसरी नोकरी शोधायला पुरेसा अवधी नव्हता. ती सामान बांधत होती आणि मी तिच्या ओट्याजवळ नुसती उभी होते.

"इथलं तू चालव," ती म्हणाली. "तुला पीआर आहे, कायमचं राहता येतं. तूप मी पाठवीन. की येतेस माझ्याबरोबर?"

शेवटचं तिने हसत विचारलं, पण थोडं खरंही विचारलं. माझा नवरा इथे, मुलीची शाळा इथे. मी तिला मिठी मारली. उत्तर दोघींनाही ठाऊक होतं.

मी चालवून पाहिलं. क्रीम पहिल्यापेक्षा चांगलं होत होतं, हे मी केमिस्ट म्हणून सांगते. पण टेबलाशी आलेल्या बायका विचारायच्या, "ती कुठे आहे?" मी त्यांना घटक समजावून सांगायची. त्यांना ते नको होतं. त्यांना कुणीतरी खुर्चीवर बसवून, घाई न करता केसांना हात लावायला हवा होता. मी तेही करून बघितलं, पण परक्या बाईच्या डोक्याला हात लावताना माझी बोटं आखडायची आणि ते त्यांना जाणवायचं. येणाऱ्या कमी होत गेल्या. दुकानवाल्यांनी विषय सोडून दिला. वर्षभराने मला एका प्रयोगशाळेत नोकरी मिळाली आणि मी टेबल लावणं थांबवलं. फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "तू प्रयत्न केलास." मला वाटलं, रागावली असती तर बरं झालं असतं.

मुलगी आता सेकंडरीत आहे. रोज शाळेपूर्वी ती इस्त्रीसारखं यंत्र फिरवून केस सरळ करते. एकदा मी आंटीची आठवण काढली, तर म्हणाली, "आई, दॅट टाइम आय वॉज स्मॉल." तिला त्या हातांची आठवण राहिली नाही, याचं मला वाईट वाटलं. यात तिची काही चूक नाही.

गेल्या वर्षी माझी मैत्रीण सिंगापूरहून पुढे कुठल्याशा प्रदर्शनाला जात होती, मधली एक दुपार मोकळी होती. आम्ही ईस्ट कोस्टच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईत, भेटलो. अक्रात तिने सगळं पुन्हा शून्यातून उभं केलंय. आता तिची स्वतःची जागा आहे, हाताखाली बायका आहेत, शेजारच्या देशांतही माल जातो. फोनवर तिने मला कामाची खोली दाखवली. पांढरा कोट घातलेली एक बाई मोठ्या भांड्यासमोर उभी होती.

"ही माझी केमिस्ट," ती अभिमानाने म्हणाली. "हुशार आहे. तुझंच सगळं शिकवलंय मी तिला, झटकन गार करायचं वगैरे."

मी चांगलंच बोलले. भांडं कुठलं घेतलं, ढवळण्याचा वेग काय ठेवता, असंही विचारलं. ती भराभर सांगत होती आणि मी त्या कोटाकडे बघत होते.

"येशील ना एकदा बघायला?" तिने विचारलं.

"येईन ना," मी म्हटलं.

तिने माझ्या ताटलीतल्या साटेचा, काडीवर भाजलेल्या मांसाचा, शेवटचा तुकडा न विचारता उचलला, पूर्वी उचलायची तसाच. मग घड्याळ बघितलं. टॅक्सी येईपर्यंत आम्ही रस्त्याच्या कडेला उभ्या होतो आणि विमान किती वाजता, जेवण मिळतं का, असलंच काहीबाही बोलत राहिलो.