नाकासाठी राखलेली बाटली

माझ्या सासऱ्यांना सगळी गल्ली मिस्त्री म्हणते. मनातल्या मनात मीही तेच म्हणते, तोंडावर मात्र बाबा. सुतारकामात हयात गेलेला हा माणूस घरात पाऊल टाकायच्या आधीच स्वयंपाकाला नावं ठेवायचा. जिन्यातूनच आरोळी यायची, "कांदा जास्त परतलाय!" नाहीतर, "त्या फ्रिजमध्ये काहीतरी सडलंय, बघा जरा!" सासूबाई, म्हणजे आमच्या आई, उलथनं हातात घेऊन दारात उभ्याच असायच्या, आणि मग जेवण होईपर्यंत दोघांची जुंपायची. मी नवी होते तेव्हा मला वाटायचं, या दोघांचं काही खरं नाही. पुढे कळलं की यांचा संसार याच्यावरच चाललाय.

चार वर्षांपूर्वी बाबांना ताप आला. ताप गेला आणि जाताना नाक घेऊन गेला. वास म्हणून काही येईना. डॉक्टर म्हणाले, परत येईलही, नाही येणार असंही होईल. म्हणजे काय ते त्यांनाही माहीत नव्हतं. तेव्हापासून बाबा खाली मान घालून जेवायचे आणि पानात काहीही पडलं तरी म्हणायचे, "छान." करपलेलं असो, कालचं असो, छान. तो शब्द ऐकला की आई उठून आत जायच्या. मला विचाराल तर या घरात त्याहून वाईट शिवी कुणी कुणाला दिलेली नाही.

बाटली त्या तापाच्या आदल्याच आठवड्यात घरात आली होती. एका बाईंना बाबांनी पुस्तकांचं कपाट करून दिलं होतं. त्यांनी खूश होऊन वाइनची बाटली हातात ठेवली. चांगली जुनी, काळपट काचेची. "मिस्त्री, आधी नुसता वास घ्या," त्या म्हणाल्या होत्या, "अर्धी मजा त्यातच आहे." मग काय, बाटली नाकासाठी राखली गेली. माझ्या नवऱ्याला बढती मिळाली तेव्हा त्याने तिच्यावर डोळा ठेवून पाहिला. बाबा म्हणाले, "नाक येऊ दे." आईंना ती पाहुण्यांच्या नजरेला पडायला नको होती, म्हणून शेगडीला लागून असलेल्या कपाटात, तेलाच्या डब्यामागे त्यांनी ती उभी करून ठेवली.

मध्ये एकदा बाबांनी नाक आलं म्हणून घर डोक्यावर घेतलं. कॉफीचा वास येतोय म्हणे. आईंनी त्यांच्या डोळ्यांवर टॉवेल बांधला आणि नाकाखाली एकेक वस्तू धरली. कॉफीचा डबा, साबण, लसूण. बाबांना एकही ओळखता आली नाही. समोरचा कप पाहूनच त्यांना कॉफीचा भास झाला होता. टॉवेल सोडून ते हसले, आणि मग कितीतरी दिवस आपल्या सुतारकामाच्या कारखान्याकडे फिरकले नाहीत. खिडकीत बसून राहायचे. आईंनी मला बजावलं, "यापुढे वासाचं नाव काढायचं नाही. पुन्हा असं झालं तर हा माणूस उभा राहायचा नाही."

आणि गेल्या रविवारी भर दुपारी जिन्यात धाडधाड पावलं वाजली. बाबा दारात उभे. भुवयांत भुसा, छातीचा भाता झालेला.

"आला!"

"कोण आला?" नवऱ्याने विचारलं.

"वास! पाइनला रंधा मारत होतो, एकदम आला. बाटली काढा!"

माझ्या अंगावर काटाच आला. आई मात्र पांढऱ्याफटक पडल्या. "पाइन समोर होतं ना? दिसत होतं ना?"

"होतं."

"मग आधी टॉवेल बांधते."

"टॉवेल नको! बाटली!"

आईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना कसली भीती होती ते मला कळलं. बाटली उघडली आणि वास आला नाही, तर वाट बघायलासुद्धा काही उरणार नव्हतं. पण बाबा लहान मुलासारखे एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होते. त्यांना अडवणार कोण?

बूच काढायचं काही साधन घरात नव्हतं. मोबाइलवर बघून सांगतो, असं नवरा म्हणेपर्यंत बाबांनी खिशातून लांब स्क्रू काढून बुचात पिळला, बाटली गुडघ्यांत धरली आणि पकडीने हिसडा दिला. फट्! मी टाळ्या वाजवल्या. का, ते मला विचारू नका. वाइनचे ग्लास आमच्याकडे कुठले! पाण्याचेच चार पेले मांडले आणि नवऱ्याने मोठ्या ऐटीत वाइन ओतली.

बाबांनी पेला नाकाशी नेला. डोळे मिटले. आईंनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बांगडी रुतली.

बाबांचा चेहरा हळूहळू उतरला. कपाळाला आठ्या पडल्या. पेला त्यांनी खाली ठेवला.

"असू दे हो," आई कशाबशा म्हणाल्या.

नवऱ्याला ते बघवेना. बापाची लाज राखायला त्याने पटकन मोठा घोट घेतला, डोळ्यांत पाणी आलं तरी गिळला आणि म्हणाला, "छान! छान आहे हं, बाबा!"

"शी!" बाबा ओरडले. "छान काय, कप्पाळ! व्हिनेगर झालंय त्याचं. मोरीत ओता ते!"

मग आईंनी पेला उचलून हुंगला. व्हिनेगर. नुसतं नाकात झोंबणारं व्हिनेगर.

"काय म्हणालात?"

"व्हिनेगर. तू शेगडीपाशी ठेवून शिजवलीस ती चार वर्षं. इतकी चांगली बाटली, आणि..."

"परत म्हणा."

"व्हिनेगर!" असं म्हणताना बाबांच्याच डोक्यात प्रकाश पडला. त्यांनी पुन्हा पेला उचलला, पुन्हा हुंगला, पुन्हा "शी!" म्हणाले आणि खोखो हसत सुटले. नवरा खोकत खोकत हसत होता. आई हसत होत्या की रडत होत्या, मला सांगता येणार नाही. आम्ही चौघांनीही पेले आळीपाळीने नाकाशी नेऊन शी शी म्हटलं. इतका आनंद मी आमच्या लग्नातही पाहिला नव्हता.

एकाएकी बाबा थांबले. मान वर करून हवेत नाक फिरवलं.

"गॅसवर काय आहे? भाजी खाली लागतेय."

मला व्हिनेगरखेरीज कसलाच वास येत नव्हता. नवऱ्यालाही नाही. मी उठायला गेले, तर आईंनी मला धरून खाली बसवलं.

"लागू दे!" त्या म्हणाल्या. "जळू दे सगळी! तुम्ही सांगत राहा हो, अजून काय काय येतंय?"

गॅस शेवटी मीच जाऊन बंद केला.