उरलेल्या पत्र्याची आई

अंबडच्या आमच्या कारखान्यात पोलादी पत्र्यातून वेगवेगळ्या गिऱ्हाइकांचे भाग लेसरने कापले जातात. कोणता भाग पत्र्यावर कुठे बसवला की पत्रा कमी वाया जाईल, ती मांडणी कॉम्प्युटरवर मी करतो. त्यात माझा हात धरणारं कोणी नाही, असं मी मानत आलो. त्यामुळे नियोजनप्रमुखाची केबिन रिकामी झाली तेव्हा ती मलाच मिळणार, हे मी धरूनच चाललो होतो. बायकोलाही सांगून मोकळा झालो.

तेवढ्यात ती आली. इंदिरानगरची, माझ्याहून बरीच लहान, नियोजनातच नवी लागलेली.

आमचं सॉफ्टवेअर एक पत्रा एकाच भागाच्या नावावर टाकायचं. त्याच पत्र्यातून निघालेले बाकीचे भाग त्याच्या लेखी आभाळातून पडलेले, आणि उरलेला तुकडा म्हणजे भंगार. आम्ही वर्षानुवर्षं ते तसंच रेटत होतो. तिने आल्या आल्या एक नवा रकाना करून घेतला. नाव काय, तर 'आई'. प्रत्येक भागापुढे आणि उरलेल्या तुकड्यापुढे, तो ज्या पत्र्यातून निघाला त्याचा नंबर टाकायचा. तोच नंबर तुकड्यावर मार्करने लिहायचा आणि तुकडा पुन्हा वापरायला रॅकमध्ये ठेवायचा.

"भंगाराला बी आई मिळाली बघा," मशीनवरचा पेठचा ऑपरेटर खूश होऊन म्हणाला.

साहेब तर येईल त्या पाहुण्याला तो रकाना दाखवू लागले. इतकी साधी गोष्ट, आणि मला सुचू नये! माझा नुसता जळफळाट व्हायचा. तिची स्कूटर गेटातून आत शिरली की माझा चहा कडू व्हायचा.

मग खंडेनवमी आली. यंत्रांच्या पूजेसाठी झाडलोट झाली आणि ऑपरेटरने हौसेने रॅकमधले उरलेले तुकडेही थिनरने पुसून लखलखीत केले. वर झेंडू वाहिले. नंबर सगळे साफ.

"लक्ष्मी हाय ती, सर. मळकी कशी पुजायची?" तो म्हणाला.

दसरा झाला आणि एका गिऱ्हाइकाचा फोन आला. आमचा एक भाग वाकवताना तडकला होता. त्या पत्र्यातून निघालेलं सगळं बाजूला काढा, उरलेला तुकडासुद्धा, तोवर तुमचा माल घेणार नाही, असं त्यांनी बजावलं. तिच्या रकान्याने भागांची यादी लगेच दिली. उरलेला तुकडा रॅकमध्ये आहे, हेही सांगितलं. पण रॅकमधला कोणता? सगळे सारखेच चकचकीत. साहेब डोक्याला हात लावून बसले. मला मात्र मनातून गुदगुल्या होत होत्या. आता बघू, म्हटलं, आई काय करते ते.

ती सरळ माझ्या टेबलाशी आली. "सर, त्या पत्र्याच्या मांडणीची प्रिंट द्याल का?"

तिने मागितली आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. भाग कापून गेले तरी त्यांच्या कडेच्या खाचा तुकड्यावर राहतातच. त्या खाचा मीच आखलेल्या, आणि मी गुदगुल्यांत दंग! मुकाट्याने प्रिंट दिली. ओढणी कमरेला खोचून ती रॅकसमोर फरशीवर बसली. ऑपरेटर एकेक तुकडा पुढे सरकवायचा, ती कड कागदाशी ताडून पाहायची. दुपारच्या जेवणाआधी तुकडा सापडला. खाच न् खाच जुळली.

साहेब धावत आले, तर ही म्हणते, "माझं काही नाही, साहेब. सरांची मांडणी इतकी नेमकी असते, म्हणून ओळखता आला."

साहेबांनी माझी पाठ थोपटली. ऑपरेटरने टाळी वाजवली. त्या कौतुकासाठी मी किती वर्षं आसुसलो होतो, आणि आलं ते तिच्या तोंडून.

दिवाळीनंतर केबिन तिला मिळाली. घरी येऊन मी आदळआपट केली. बायकोने ती होऊ दिली आणि मग शांतपणे विचारलं, "एवढी वाईट आहे का हो ती?"

"नाही ना!" मी ओरडलो. "वाईट असती तर काय हवं होतं!"