दादाने रंगवलेला निळा बंपर

सुनंदावहिनीचा फोन आला तेव्हा मी आठवड्याच्या भाजीची यादी करत होते. "हे जिन्यात पडलेत, तू ये लवकर," एवढंच ती म्हणाली आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो गाडीचा. दादा गाडी घेऊन कुठे निघाला होता की काय? मी पर्स उघडून पाहिलं. दोन्ही चाव्या आतच होत्या. हे इथे लिहायला जड जातंय, पण झालं ते असंच. माझी गाडी दादाच्या इमारतीत, त्याच्या जागेवर उभी असते, कारण आमच्या इमारतीत छपराखाली जागा नाही. चालत पाच मिनिटांचं अंतर. मी पोचेपर्यंत शेजाऱ्यांनी त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं होतं. गाडी जिन्यापासून दहा पावलांवर, आणि चावी माझ्याकडे. डॉक्टर म्हणाले, गाडीने आणलं असतं तरी फरक पडला नसता. मी त्यांना दोनदा विचारलं... दोन्ही वेळा त्यांनी तेच सांगितलं.

दादा माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा. अंबडच्या एका कारखान्यात रंगखात्याचा सुपरवायझर म्हणून निवृत्त झाला. मी एकोणपन्नासाव्या वर्षी गाडी शिकायचं ठरवलं तेव्हा घरातले सगळे हसले. मुलगा पुण्याहून फोनवर म्हणाला, आई, रिक्षा असतात ना. दादा तेवढा हसला नाही. पाथर्डी फाट्यापलीकडच्या मोकळ्या प्लॉटांच्या रस्त्यांवर त्याने मला दोन महिने शिकवलं. नवी निळी गाडी आली, पूजा झाली, आणि मी सगळ्यांसमोर माझे नियम वाचून दाखवले. कागद अजून डॅशबोर्डच्या कप्प्यात आहे. पहिला नियम, माझ्या हातून पहिला ओरखडा पडला की चावी कायमची खाली ठेवायची. दुसरा, गाडी नेहमी मागे घेऊनच लावायची, म्हणजे सकाळी थेट बाहेर काढता येते. दादा स्वतः कायम सरळ पुढून गाडी घुसवायचा. मी मागे घेताना तो पाठीशी उभा राहून "येऊ दे... येऊ दे..." म्हणायचा आणि डिकीवर दोन थापा मारायचा, म्हणजे थांब.

गेल्या नवरात्रात मी मुलाकडे दहा दिवस गेले. दुसरी चावी दादाकडेच असायची. परत आले तर गाडी ओळखू येईना. आमचं मॉडेल सगळ्यांत खालचं, त्यामुळे दोन्ही बंपर, आरशांची कवचं, दारांच्या मुठी काळ्या, खरखरीत प्लास्टिकच्या. ते सगळं आता अंगासारखंच गडद निळं चमकत होतं. दारावरच्या स्टिकरवरून शेडचा नंबर काढून दादाने रंग बनवून आणला होता. काम मात्र नमुनेदार. वर्तमानपत्रं चिकटवून काचा आणि दिवे झाकले, पॉलिश पेपर मारला, थिनरने पुसलं, प्लास्टिकचा वेगळा प्रायमर दिला, धूळ उडू नये म्हणून फरशीवर पाणी मारून मग रंगाचे पातळ हात आणि वरून लॅकर. त्याआधी आइसक्रीमच्या डब्यांच्या झाकणांवर शेड तपासून ती झाकणं गॅलरीत तारेला टांगली होती. वहिनी वैतागून म्हणाली, आठ दिवस घरात फोडणीपेक्षा थिनरचाच वास जास्त होता.

मी त्याला विचारलं, हे कशासाठी?

"काळा बंपर म्हणजे पैठणीवर कॅनव्हासचे बूट," तो म्हणाला.

मला ते पटलं नाही. तीन वर्षांत ज्या माणसाला ते बूट खुपले नव्हते, त्याला मी गावाला गेल्यावरच बरे खुपले. जाताना मी किलोमीटरचा आकडा टिपून ठेवला होता, तो तीनने वाढलेला. बॅटरी उतरू नये म्हणून फेरी मारली, असं त्याचं उत्तर. पार्किंगच्या खांबाला जुन्या पायपुसण्याचं जाड फोम गुंडाळून वर दोरी करकचून बांधलेली. सोसायटीतल्या पोरांना लागू नये म्हणून, असं त्यावर उत्तर. मी डायरीत शंका लिहीत गेले, आणि एक दिवस सरळ विचारलं.

"कुणाला धडक दिलीस का, दादा?"

"तुला काय वाटतं?"

मला वाटायचं ते वाटलंच. खरं बोलणारा माणूस उलटा प्रश्न विचारत नाही. महिनाभराने मी म्हटलं, विम्याच्या कागदांबरोबर दुसरी चावी माझ्याकडेच असू दे. विम्याला चावी लागत नाही हे त्यालाही ठाऊक होतं. त्याने जुडग्यातून ती सोडवली, सदऱ्याला पुसली आणि माझ्या हातावर ठेवली. "बरं," म्हणाला. पूर्वी रविवारी तो वहिनीला घेऊन मखमलाबादकडे द्राक्षबागांतून चक्कर मारून यायचा. ते बंद झालं. मी गाडी लावताना तो पूर्वीसारखाच खाली यायचा, थापा मारायचा, आणि मी आरशात त्याच्याकडे नीट पाहायचंही टाळायचे.

तो गेल्यावर दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी भोये भेटायला आले. सुरगाण्याकडचे, दादाच्या हाताखाली वीस वर्षं रंगकाम केलेले. निघताना ते पार्किंगमध्ये गाडीपाशी रेंगाळले, अंगठा फिरवत मागे गेले आणि डाव्या कोपऱ्यावर नखाने टकटक केलं. आवाज बद्द आला.

"इथं पुटी हाय ताई. बाकीचं समदं नुसतं जोडीला रंगवलंय."

मी म्हटलं, मग तेवढाच कोपरा का नाही केला? भोये म्हणाले, काळ्या प्लास्टिकला दाणा असतो. खोल ओरखडा गेला की पुटी भरता येते, पण तो दाणा परत येत नाही, आंधळ्यालाही हाताला कळतं. मग गुळगुळीत करून सगळंच अंगाच्या रंगात न्यायचं, म्हणजे एकटा कोपरा चुगली करत नाही. "साहेबांनी लय मन लावून लपवलंय," असं म्हणून ते थांबले. आपण जास्त बोललो असं त्यांना वाटलं असावं.

म्हणजे माझा संशय खरा होता. ते गेल्यावर मी खांबाची दोरी सोडली. फोमखाली, बंपरच्याच उंचीवर, काळ्या प्लास्टिकचा वीतभर फराटा होता. खांब आमच्या जागेच्या आतल्या टोकाला, भिंतीलगत. पुढून गाडी घुसवणाऱ्याचा मागचा कोपरा त्या खांबाला लागूच शकत नाही. तिथे मागचा कोपरा पोचतो तो गाडी मागे घेऊन लावणाऱ्याचा... मग आठवलं. पुण्याला जायच्या आदल्या संध्याकाळी वणीला पायी निघालेल्या मंडळींचा टेम्पो फाटकाशी उभा होता, भोंगे लावून. सेन्सरही ऐकू येत नव्हता. दादा त्या दिवशी खाली नव्हता. मी गाडी लावली, कुलूप घातलं आणि मागे न बघता बॅग भरायला गेले.

वर जाऊन वहिनीला विचारलं. ती तांदूळ निवडत होती.

"तुला माहीत होतं?"

"सांगू नको म्हणाले होते." तिने ताट बाजूला ठेवलं. "तुझा तो पहिला नियम. तू खरंच चावी खाली ठेवली असतीस. ती शब्दाची पक्की आहे, हाच घोळ आहे, असं म्हणायचे."

चावी परत मागितली तेव्हा काही म्हणाला का, हे विचारायचं होतं. तो गेल्यापासून डायरीत लिहूनही ठेवलं होतं. विचारलं नाही. वहिनी आपणहून म्हणाली, "संशय माझ्यावर आहे तोवर ती चालवत राहील, म्हणाले."

पहिल्या नियमाचं काय करायचं, हे अजून ठरलेलं नाही. कागद कप्प्यातच आहे. दुसरी चावी वहिनीकडे दिली आहे. ती चालवत नाही, पण घरात असावी. त्यानंतरच्या पहिल्या रविवारी तिला मखमलाबादकडे नेऊन आणलं. फोम मी खांबाला पुन्हा बांधलं, दादाच्याच गाठीने बांधायचा प्रयत्न केला, जमलं नाही. संध्याकाळी गाडी मागे घेते. पाठीशी कुणी नसतं. काच खाली करून हळूहळू येऊ देते... येऊ देते... मग तो निळा कोपरा फोमला मऊ टेकतो, आणि मी थांबते.