तांबूल मी परत करायचं होतं

महिन्यातून एका रविवारी दुपारी आम्ही चामराजपुरममधल्या एका घराच्या पुढच्या खोलीत जमतो. सगळी पिढ्यान्‌पिढ्या म्हैसूरला राहिलेली मराठी माणसं. आमचं बोलणं अर्धं कन्नडात होतं आणि नातवंडांना देवनागरी वाचताना धाप लागते. म्हणून पुस्तक कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवतं आणि संपलं की प्रत्येकाने मत द्यायचं, असा आमचा नियम आहे.

या खेपेचं पुस्तक हलकंफुलकं होतं. तंजावरच्या मराठी दरबाराच्या काळातली गोष्ट. काकाकडे वाढलेली एक अनाथ मुलगी आणि दरबारातला एक तरुण कारकून. तिला म्हाताऱ्या सरदाराशी लग्न करायचं नसतं, त्याला कुणाशीच करायचं नसतं. दोघं साखरपुड्याचं नाटक करतात आणि शेवटी खरोखरच प्रेमात पडतात.

"अय्यो, मला तर फार आवडलं," घरमालकीणबाई म्हणाल्या. "ती हत्तीवरून पडते तिथे हसून हसून माझं पोट दुखलं."

बँकेतून निवृत्त झालेले आमचे मॅनेजर म्हणाले, "मला कारकून पटला नाही. सरकारी नोकर इतकं धाडस करतो होय? आधी वरच्या साहेबाची सही घेईल."

मंडळात सगळ्यांत लहान एक मुलगी आहे, सॉफ्टवेअरमध्ये काम करते. ती अडखळत म्हणाली, "खोटं असूनही कुणाला त्रास नाही झाला. छान वाटलं. माझ्या अत्तेला, आत्याला पण आवडेल. ती सरगूरहून कायमची इकडे आलीय. पुढच्या वेळी आणू का तिला?"

घरमालकीणबाईंनी पदर सारखा केला. "आण ना. पण बघ बाई, जुनी माणसं आहेत इथे. तुझ्या अत्तेनं काय केलं ते कुणी विसरलेलं नाही. ठरलेलं लग्न स्वतःहून मोडलं, तांबूल परत पाठवलं. त्या मुलाच्या आईनं अंथरूण धरलं होतं." एवढं म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं, दुखऱ्या जागेवर हात ठेवावा तसं.

तो मुलगा मी होतो.

एव्हाना माझे केस पांढरे झालेत, बायको जाऊन काही वर्षं झालीत, आणि या गल्लीत अजून मी 'बिचारा' आहे. त्या बिचारेपणावर मी जन्मभर राहिलो.

खरं असं घडलं होतं. आमच्याकडे मामाची मुलगी करायची पद्धत. कृष्णराजनगरच्या मामाची भाताची शेती होती, एक मुलगी होती, आणि ती पाळण्यात असतानाच आईने शब्द दिला होता. मला ते लग्न नको होतं, पण दुसरी आवडलीय अशी सबब असल्याशिवाय आईसमोर तसं म्हणायची छाती नव्हती. दोन घरं सोडून राहणारी एक मुलगी, म्हणजे हिची अत्ते, तेव्हा बी.एड. करत होती. तिच्या वडिलांना तिचं लग्न उरकायची घाई होती, तिला आधी शिक्षण पुरं करायचं होतं. कॉलेजच्या बसथांब्यावर आमचं बोलणं झालं. कल्पना माझी होती.

"एक वर्ष," मी म्हणालो. "साखरपुडा करू, मुहूर्त पुढच्या साली आहे म्हणून सांगू. तोवर मामा दुसरीकडे बघेल, तुझी परीक्षा होईल. मग मी मोडतो."

"तूच मोडायचंस," ती म्हणाली. "ताट तुमच्या घरातून यायला पाहिजे. अण्णांना चालत जायला लागता कामा नये."

तिच्या या अटीचा अर्थ आमच्या लोकांनाच कळेल. साखरपुड्याला दोन्ही घरांनी विडा, सुपारी, नारळ, वस्त्र असं तांबुलाचं ताट एकमेकांना दिलेलं असतं. लग्न मोडायचं तर मोडणाऱ्या घरातल्या वडीलधाऱ्याने तसंच ताट भर दिवसा परत न्यायचं. कुणी काही विचारत नाही. ताट ज्या दारातून निघालं, दोष त्या घराचा. मुलाच्या घरातून निघालं तर चार महिने बोलणी बसतात. मुलीच्या घरातून निघालं तर ते संपतच नाही.

"मीच मोडेन," मी म्हणालो.

नाटक उत्तम वठलं. मामाने मुलगी दुसरीकडे दिली. बसथांब्यावरची ती बी.एड. पास झाली. त्या वर्षात आम्ही दोनदा-तीनदा देवळात भेटलो, लोकांनी चिडवलं, आम्ही हसलो. प्रेमात वगैरे कुणी पडलं नाही.

मग माझी पाळी आली. तेवढ्यात ऑफिसातल्या एका वरिष्ठांनी त्यांच्या मुलीविषयी सूचकपणे विचारलं होतं. मी शब्द मोडणारा ठरलो असतो तर ते दार बंद झालं असतं. आणि आई. मी पुन्हा बसथांब्यावर गेलो.

"तुमच्याकडून पाठव ना," मी म्हणालो. "तुला आता नोकरी लागणारच. माझ्या आईला सोसणार नाही."

तिने विचारलं, "अण्णांना काय सांगू?"

"सांग, मन नाही."

"बरं," ती म्हणाली. मला तेव्हा त्याचं बरंच वाटलं.

दोन दिवसांनी तिचे वडील ताट घेऊन आले. गल्लीत सगळे दारात उभे होते. आईने त्यांना बसा म्हटलं नाही. मी आतल्या खोलीत कॉफी पीत होतो. पडद्यापलीकडून त्यांचा आवाज आला, "पोरीचं चुकलं. तिच्या वतीनं मी पाया पडतो." आई म्हणाली, "पाया पडून काय होतंय? माझ्या पोराचं नाव गेलं." मी पेला खाली ठेवला नाही. कॉफी संपवली.

दर रामनवमीला देवळात पानक वाटायचं काम तिच्या वडिलांकडे असे. गूळ, वेलदोडा, सुंठ, सगळं ते स्वतः घालायचे. त्या वर्षी कुणी त्यांना नको म्हटलं नाही. फक्त ते येण्याआधीच पळी दुसऱ्याच्या हातात दिली होती. ते थोडा वेळ पातेल्याशेजारी उभे राहिले, मग चपला घालून निघून गेले. रांगेत मी होतो. मी पानक प्यालो. पुढच्या कुठल्याच रामनवमीला ते आले नाहीत, आणि काही वर्षांनी गेले. तिला एकही स्थळ आलं नाही. सरगूरच्या शाळेत नोकरी मिळाली, तिथेच ती एकटी राहिली.

हे सगळं मी त्या रविवारी खोलीत सांगितलं. नीट सांगता आलं नाही. मधेच कन्नड, मधेच खोकला. कुणी मला अडवलं नाही. मॅनेजर एकदा कन्नडात 'बिडी' म्हणाले, "जाऊ द्या हो, जुन्या गोष्टी." मी म्हणालो, "जुन्या असत्या तर आता या मुलीसमोर निघाल्या नसत्या."

ती मुलगी माझ्याकडे बघत होती. "आजोबांना माहीत होतं? नाटक होतं ते?"

"नाही."

"मग त्यांना शेवटपर्यंत वाटलं की अत्तेनं..." तिला मराठी शब्द सापडला नाही.

घरमालकीणबाई आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात तांबूल होतं. निघताना आम्ही बायकांना देतोच, पण या वेळी विडे दोन होते, नारळ दोन. "हे तुझ्या अत्तेला," त्या मुलीला म्हणाल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. मुलीने पुस्तकही मागून नेलं.

पुढच्या महिन्यात ती एकटीच आली.

"अत्ते?" घरमालकीणबाईंनी विचारलं.

"नको म्हणाली. सुम्ने, उगाच कशाला, म्हणाली. पण तांबूल ठेवून घेतलं. विडा खाल्ला, नारळाची चटणी केली." कुणीतरी हसायचा प्रयत्न केला. "पुस्तक वाचलं तिने. मत पण दिलंय, नियम आहे म्हणून."

"सांग ना."

मुलीने ते पाठ केलं असावं. एकेक शब्द सावकाश म्हणाली, "गोष्ट चांगली आहे. लेखक हुशार आहे. त्याने मुलीला आधीच अनाथ करून ठेवलं, म्हणून सगळ्यांना हसता आलं."

तिने पुस्तक माझ्यापुढे ठेवलं. मी पहिलं पान उघडलं. पहिल्याच परिच्छेदात त्या मुलीचे वडील वारलेले होते. मंडळात ते पान मोठ्याने मीच वाचलं होतं.