चार टोपणं ऑइल

वडील गेले त्या दिवशी दुपारी मशीन बंद पडलं, आणि ते माझ्यामुळे बंद पडलं. हे मी आईला अजून सांगितलेलं नाही.

मशीन म्हणजे लाकूड कापायची चेनसॉ. आमच्या गावात तिला सगळे कटरच म्हणतात. वडिलांनी ती तळोद्याच्या एका लाकूडवाल्याकडून जुनी घेतली होती. म्हसावदच्या आजूबाजूला शेताच्या बांधावरची निंबं, बाभळी तोडायला त्यांना बोलावणं यायचं. पण गावात कुणी वारलं, की न बोलावता ते मशीन घेऊन जायचे. आमच्याकडे मयतीचं लाकूड विकत आणत नाहीत. प्रत्येक घरातून एकेक ओंडका येतो, कुणाचा मोडका खांब येतो, आणि ते सगळं सारख्या लांबीचं कापून घ्यावं लागतं.

त्यांच्या वेळी मशीन चुलतभावाने चालवलं. टाकी रिकामी होती. तो ओसरीवरून ओरडला, "पेट्रोल शे का घरमा?" मी माझ्या स्कूटीतून बाटलीभर काढलं आणि दिलं. अर्धी लाकडं कापून झाली असतील. मशीन एकदम बारीक, उंच आवाजात किंचाळलं आणि थांबलं. दोरी ओढली तर हलेना. शेजारच्या शेतात साखर कारखान्याच्या ऊसतोडीसाठी डोंगरातली माणसं उतरली होती, त्यांच्यातले दोघं कुऱ्हाडी घेऊन आले. त्यांनी उरलेलं लाकूड फोडलं. सूर्य मावळायच्या आत नेलं पाहिजे म्हणून बाहेर पुरुषांची गडबड चालली होती. आत मी वडिलांच्या पायाशी बसून कुऱ्हाडीचे आवाज ऐकत होते. शेवटी नेलं तेव्हा उजेड जवळजवळ संपला होता.

या मशीनला पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागतं. लिटरला चार टोपणं. वडील खोकल्याच्या औषधाचं टोपण त्यासाठी ठेवायचे आणि मी लहान असल्यापासून ते मोठ्याने मोजायचे. मला माहीत होतं. त्या दिवशी आठवलं नाही, एवढंच.

पुढे दारावर भेटायला येणाऱ्या बाया कमी झाल्या. मी पुन्हा शाळेत जायला लागले. आठवीला व्याकरण शिकवायचे, घरी येऊन वह्या तपासायचे. रडू आलं नाही. जेवण जायचं, झोपही लागायची. मशीन गोठ्याच्या कोपऱ्यात गोणपाटाखाली होतं. आई एकदा म्हणाली, "ते भंगारमा दी टाक. आते कोन चालाडस?"

"ऱ्हाऊ दे," मी म्हणाले.

मग समोरच्या काकूंनी अंथरूण धरलं. काकूंनी मला अंगाखांद्यावर खेळवलेलं. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं होतं, आणि ते सांगण्याचा अर्थ गल्लीत सगळ्यांना कळला. त्या दिवशी मी गोठ्यात जाऊन गोणपाट काढलं.

गावात मोटारसायकली आणि फवारणीचे पंप दुरुस्त करणारे एक म्हातारे मेकॅनिक आहेत. वडिलांचे दोस्त. त्यांनी मशीनचं धुराडं, म्हणजे सायलेन्सर, सोडलं, आतल्या पिस्टनवर बॅटरी मारली आणि मला वाकून बघायला लावलं. पिस्टनवर उभे ओरखडे होते, नखाला लागतील एवढे खोल.

"हाई पेट्रोल कोनी भरं व्हतं?" त्यांनी विचारलं.

"मी."

"ऑइल?"

"नाही टाकलं."

त्यांनी बॅटरी विझवली. मग म्हणाले, "मास्तरीणबाई, तुमना पुस्तकमा हाई लिखेल नही का?" आणि चहा सांगितला.

त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. बारीक काही दिसत नव्हतं. ते म्हणाले, "मी सांगस, तुम्ही करा." शाळा सुटल्यावर मी रोज त्यांच्या दुकानात जाऊन बसायला लागले. ओळखीचे लोक गाडी थांबवून बघायचे. ते त्यांना सांगायचे, "नवी कारागीर ठेवेल शे. फक्त चुका लाल पेननं काढस." मीही थोडी हसले असेन.

सिलिंडर निघाला. पिस्टनचा वितळलेला धातू त्याच्या आतल्या भिंतीला चिकटला होता. फरशी धुवायचं अ‍ॅसिड कापसाच्या काडीवर घेऊन मी फक्त त्या डागांवर लावलं. फेस आला, पुसला, पुन्हा लावलं. तीन दिवस तेच. चौथ्या दिवशी बोट फिरवलं तर भिंत गुळगुळीत लागली. भिंत वाचली होती. पिस्टन आणि रिंग शहाद्याहून नवे आणले. पिस्टनवर एक छोटा बाण असतो, तो धुराड्याच्या बाजूला ठेवायचा. त्याची पिन धरून ठेवणारी तारेची कडी नखाएवढी असते. ती दोनदा उडाली. एकदा मेकॅनिककाकांच्या चहाच्या कपात पडली. "आते ऑइलना चहा प्या," ते म्हणाले, आणि दुसरा सांगितला.

मला वाटलं, झालं. पण त्यांनी लगेच सुरू करू दिलं नाही. इंजिनाची सगळी तोंडं रबराच्या तुकड्यांनी बंद केली, एका तोंडाला सायकलचा पंप जोडला आणि साबणाचं पाणी मला सगळीकडे लावायला सांगितलं. एका बाजूच्या सीलपाशी बुडबुडे आले. "देखा. बिगरऑइलनं मरनंच, पन हाई हवा पह्यलेपासून चोरीस व्हतं," ते म्हणाले. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. म्हणजे दोष फक्त माझा नव्हता; हे खरं होतं की मला बरं वाटावं म्हणून सांगितलं, ते मी विचारलं नाही. सील बदललं.

सुरू झालं तेव्हा लाकडाला न लावता ते पूर्ण वेगाने फडफडल्यासारखं वाजत होतं. वडिलांच्या हातातही तसंच वाजायचं. मला नेहमी वाटायचं, जुनं आहे म्हणून. मेकॅनिककाकांनी स्क्रू ड्रायव्हर कार्बोरेटरवर टेकवला आणि विचारलं, "आवाज साफ करू का? ताकद वाढी. पन उन्हायामा परत चिकटी जाई." तुमच्या वडिलांनी कधी साफ करू दिला नाही, हेही ते म्हणाले. तसं ठेवलं की पेट्रोल थोडं जास्त पितं, फडफडतं, पण मध्येच सोडून जात नाही.

"राहू द्या तसंच," मी म्हणाले.

चैत्रात एका दुपारी चारच्या सुमारास काकूंचा मुलगा दारात आला. माझ्याच वयाचा, बरोबर शिकलेला.

"ताई, माय गयी," तो म्हणाला. मग त्याने विचारलं, "नानानं कटर चालू शे का?"

माझ्या वडिलांना सगळे नाना म्हणत.

मी लिटरच्या बाटलीत पेट्रोल घेतलं. चार टोपणं टाकली, मोठ्याने मोजून. बाटली हलवली, टाकी भरली. अंगणात दोरी ओढली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा लागलं. त्याने ते उचललं आणि समोर गेला.

बायांमध्ये बसायला जायला हवं होतं, पण मी आमच्या ओट्यावरच थांबले. लाकूड त्यांच्या घरामागे पडलं होतं. दिसत काही नव्हतं. रिकामं फिरलं की फडफड ऐकू यायची, लाकडाला लागलं की आवाज एकसारखा व्हायचा, तुकडा पडला की पुन्हा फडफड. मी बारीक, उंच आवाजाची वाट पाहत होते. ऊन समोरच्या भिंतीवर अर्ध्यावर आलं होतं.

मग मशीन थांबलं.

मी उठले नाही. थोड्या वेळाने काकूंचा मुलगा गल्ली ओलांडून आला. अंगावर भुसा, हातात अर्धी भरलेली बाटली. मोटारसायकलमधून काढलेलं पेट्रोल होतं.

"टाकी सरनी," तो म्हणाला. "हाई भरू का डायरेक?"

"आन इकडे," मी म्हणाले.

अर्धा लिटर असेल. दोन टोपणं. एक म्हणाले, दोन म्हणाले, झाकण लावलं, हलवून दिली. तो गेला. दोनदा ओढलेली दोरी ऐकू आली आणि फडफड पुन्हा सुरू झाली.

त्यांनी काकूंना नेलं तेव्हा भिंतीवर अजून ऊन होतं.

दुसऱ्या दिवशी मशीन परत आलं. मी एअर फिल्टर काढून भुसा झटकला. आई दारात उभी होती.

"चालनं का शेवटलोंग?" तिने विचारलं.

"चालनं," मी म्हणाले.

तिने गोणपाट उचललं आणि मशीनवर घालायला त्याचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं.